न कोमेजणारी फुलांची वाडी

४ नोव्हेंबर, सोमवार
लेकीचं, वेदश्रीचं, डोहाळजेवण २४ तारखेला, आपल्याकडेच, विद्यानगरला. तिला घालायची फुलांची वाडी, म्हणजे मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मी स्वतः करणार. खरी फुलं रेझिनमध्ये बुडवून पितळी तारेत गुंफायची. कधीच कोमेजणार नाहीत. तीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवलेल्या माणसाला हे काय अवघड! बायकोला, विमलाला, सांगितलं. ती भेंडी चिरत होती. चिरतच राहिली.

५ नोव्हेंबर
कमरीपेठेतल्या मंगलाअक्कांकडे विमलाने ताज्या फुलांची ऑर्डर दिली होती. जाऊन रद्द केली. अक्का कानडीत ‘आतरी सर’, बरं सर, म्हणाल्या, पण चेहऱ्यावर कीव. शास्त्र ठाऊक नसलं की असं होतं.

खरं कारण इथेच लिहितो. वेदा लहानपणी अंगणातली शेवंती घेऊन धावत यायची. मी ती हर्बेरियमच्या वहीत चिकटवायला लावायचो. नाव, कुळ, तारीख. एकदा तिने केसांत माळली, तर स्पेसिमेन वाया घालवलं म्हणून रागावलो. त्यानंतर तिने कधी फूल माळलं नाही. लग्नातही गजरा नको म्हणाली. ते मला भरून काढायचंय.

९ नोव्हेंबर, शनिवार
रेझिन आलं. सोबत ते घट्ट करणारं हार्डनर आणि एक पत्रक. दोन्ही मोजूनच मिसळा म्हणे. इतकी वर्षं प्रॅक्टिकल्स घेतली, अंदाज नावाची काही चीज असते की नाही? पत्रक बरणीखाली घातलं.

११ नोव्हेंबर
काकड्याची पांढरी फुलं तपकिरी झाली. अँटिक लुक. हल्ली चालतो.

१४ नोव्हेंबर
मुकुट अजून चिकट. थंडीमुळे. गच्चीवर उन्हात ठेवला.

१५ नोव्हेंबर
मुकुटात तीन मुंग्या आणि एक माशी. विषय निसर्गच आहे, त्यामुळे शोभतात. विमलाचं मत वेगळं. माशी असलेलं काही पोटुशीच्या डोक्यावर चढवू देणार नाही म्हणाली. चिमट्याने माशी काढली. पंख राहिला.

१९ नोव्हेंबर
व्याही श्रीहरीराव यांना फोनवर सांगून टाकलं की वाडी बघण्यासारखी असेल. आता माघार नाही. कंबरपट्टा पूर्ण. माप वेदाच्या लग्नातल्या पट्ट्यावरून अचूक घेतलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
वेदा आली. कंबरपट्टा वीतभर तोकडा. मापात चूक नव्हती.

मुकुट तिने हातात घेतला, बराच वेळ बघितला. मग म्हणाली, अप्पा, परत चिकटवलीत? हसूनच म्हणाली. मला हसता आलं नाही.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
वाडी काही होत नाही. निदान अंगठी तरी द्यावी म्हणून अबोलीची अंगठी करंगळीत घालून बघितली. चिकटून बसली, निघत नाही. साबण लावला, तूप लावलं. तशीच घेऊन मंगलाअक्कांकडे धावलो, हात खिशात. उद्यासाठी फुलं मिळतील का विचारलं. अक्का म्हणाल्या, ऑर्डर आहेच की. मी रद्द केली त्याच संध्याकाळी विमलाचा फोन आला होता. म्हणजे गेले अठरा दिवस हे सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

२४ नोव्हेंबर, रविवार
ताज्या फुलांत वेदा इतकी सुंदर दिसत होती की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो.

श्रीहरीरावांनी वाडीचं कौतुक केलं. मी नाही म्हणालो नाही.

शेवटी गजरा राहिला होता. वेदाने तो माझ्या हातात दिला आणि पाठ करून बसली. अप्पांनीच माळायचा म्हणाली, सगळ्यांसमोर. पिन कुठून कुठे घालतात, मला काय माहीत? तेवढ्यात करंगळीतली अंगठी तिच्या केसांत चिकटली. ओढलं, तर आणखी गुंतली. कुणीतरी कात्री म्हणालं, आजच्या दिवशी कात्री नको म्हणून विमला ओरडली. मी करंगळी लेकीच्या डोक्यात अडकवून उभा. समोर पन्नास माणसं. वेदाचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मागून कळेना.

खोबरेल तेलाने सुटलं. अंगठी माझ्या बोटातून निघाली ती तिच्या केसांतच राहिली, मग विमलाने केस न् केस सोडवून काढली. म्हणजे माझा एक दागिना वेदाने घातला. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं.

गजरा विमलाने माळला.