मोकळ्या हातानं माघारी

औंढे, ता. १२ जानेवारी

चि. अपेक्षा हिस आईचे आशीर्वाद. ते आधी लिहून टाकले, कारण खाली सगळ्या शिव्याच हायेत.

लीग संपेस्तोवर तुमच्या सरांनी मोबाईल काढून घेतलेत, म्हणून हा कागद. चौथीनंतर मी पेन धरला न्हाई. अक्षर लागलं न्हाई तर मैत्रिणींकडून लावून घे, मला लाज न्हाई.

लाज वाटली ती काल. देवळात टीव्ही लावला होता, अख्खं गाव तुझी कबड्डी बघायला जमलं. तुमी सात गुणांनी मागं, शेवटची चढाई तुझी. मी पदर खोचून उभी, म्हटलं आता पोरगी आत घुसणार. आन तू काय केलंस? त्यांच्या अंगणातल्या त्या निदान रेषेपतुर गेलीस, पाय लावलास, मोकळ्या हातानं माघारी आलीस. वर हसलीस! सरुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, शेजारीण म्हणून सांगते, पोरगी भ्याली. मला तोंड उघडता येईना. माझं तोंड कदी बंद पडल्याचं तू बघितलंस का?

पकडून आडवी पाडली असती तरी चाललं असतं. न झुंजता हरायचं असंल तर घरी ये, भात मळायला माणूस कमीच हाय.

दूध उतू चाललंय, पुरं करते. माया हाय तवाच एवढं लिहिलं.

तुझी आई

नाशिक, ता. १८ जानेवारी

ती. आईस अपेक्षाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं ठेवतेच आहे, तर तेवढ्यात ऐकून घे.

अक्षर लागलं, शिव्याही लागल्या. पण मी भ्याले नव्हते गं. आमच्या लीगमध्ये जिंकलं तर पाच गुण, बरोबरी झाली तर दोन्ही संघांना तीन तीन. हरलं तर काही नाही. पण सात किंवा त्याहून कमी फरकानं हरलं तर एक गुण मिळतो. आम्ही बरोबर सातनं मागे होतो. मी एका चढाईत सात गुण कुठून आणणार होते? पकडले गेले असते तर फरक आठ झाला असता आणि तो एक गुणही गेला असता. म्हणून परत आले, म्हणून हसले. सरांनी पाठ थोपटली. तुझं पत्र आलं आणि मी जेवले नाही.

आठ संघांतले पहिले चारच पुढे जाणार. चारात आलो तर पुढच्या वर्षीचा करार पक्का. नाही तर आंबीच्या कंपनीत पुन्हा पॅकिंग. त्या लाईनवर मला परत उभं राहायचं नाही, आई.

सरुमावशींना माझा नमस्कार सांग. जरा मोठ्यानं सांग.

राग गिळून माया तेवढी ठेव.

तुझी अपेक्षा

औंढे, ता. १ फेब्रुवारी

चि. अपेक्षा, जेवलीस का? आधी जेव, मंग वाच. आशीर्वाद कुठं पळून जात न्हाईत.

तुझं पत्र चारदा वाचलं, पटलं न्हाई. हरणाऱ्याला गुण कशापायी? तशीच तणतणत धोंडिबा आबांकडं गेले. बैलगाड्याच्या शर्यतीत, घाटात घड्याळावर तेच बसत्यात न्हवं. ते म्हणाले, घाटात तरी काय वेगळं? बारा सेकंदांच्या आत गाडा आला की पहिला नंबर, मंग अकराला येवो की पावणेबाराला. ज्याला हे उमगलं तो जुनी, सरळ पळणारी बैलं जुंपतो. तुझ्या काकाला गेल्या साली सगळ्यांत कमी येळात येऊन घाटाचा राजा व्हायची हौस. नवा खोंड जुंपला, तो घाट सोडून खाचरात शिरला. राजा ऱ्हायला बाजूला, नंबर बी गेला. तवा काकाला येडा म्हणणारी मीच. मंग तुला भित्री कुठल्या तोंडानं म्हणाले?

आता नीट ऐक. टीव्हीवर तक्ता दावत्यात, तो मी पाठ केलाय. तुमचे सत्तावीस. चौथ्या नंबरावरच्या पोरींचे एकोणतीस, त्यांचे सामने संपले. तुमचा एक उरलाय. म्हंजी यावेळी एक गुण मिळून काय बी उपयोग न्हाई. मागं पडलात तर सात मोजत बसू नको, घूस. आन बरोबरीत असशील तर मोकळी माघारी ये. हितल्या माणसांकडं मी बघते.

नाचणीचे लाडू धाडलेत. एकटी खाऊ नको.

तुझी आई

औंढे, ता. ९ फेब्रुवारी

माझ्या वाघिणीला आईचे लाख आशीर्वाद, मोजत बसू नको.

माझा घसा बसलाय म्हणून बरं, न्हाईतर नाशिकपतुर ऐकू आलं असतं. शेवटची दोन मिंटं, तुमी सहानं मागं, त्यांच्या चौघीच उरलेल्या. लोक उठाया लागले. तू घुसलीस आन दोघी शिवून आलीस! मंग तुमी त्यांची चढाईवाली पकडली. उरली एक, ती बी तू शिवलीस. सगळ्या बाद, लोण! लोणाचे दोन धरून बरोबरी. देवळातली घंटा कुणी बडवली ठाव न्हाई, मीच असंन.

त्यांच्या साती जणी पुन्हा आत आल्या, त्यांची चढाई मोकळीच गेली. शेवटची चढाई तुझी. सगळं गाव वरडतंय, जा आत, जा आत! मी टीव्हीसमोर आडवी उभी ऱ्हायले आन वरडले, पाय लाव आन माघारी ये! तू रेषेला पाय लावलास, मोकळ्या हातानं माघारी आलीस आन हसलीस. सरुबाई म्हणाली, परत भ्याली का गं ही? मी तिला धरून पायरीवर बसवलं आन बोटांवर मोजून दावलं. सत्तावीस आन तीन, तीस. तीस म्हंजी चौथा नंबर. तो सातनं हरलेल्या सामन्याचा एक गुण नसता तर एकोणतीसच, आन गुण सारखे झाले की सामन्यांतला फरक धरत्यात, त्यात त्या पोरी पुढं व्हत्या. सरुबाईनं सोताच्या हातानं मला गुलाल लावला.

आंबीच्या कंपनीला कळव, दुसरी बघा म्हणावं.

माझं पहिलं पत्र फाडू नको, ठेव. मी तुझ्याशी हरले, सरळ सांगते. पण थोडक्यात हरले, एका पत्राच्या फरकानं. तवा तुमच्या नियमापरमाणं एक गुण मला बी टाक.

तुझी आई