धुकट पाणी

मिनेसोटा नदीकाठ,
१२ ऑक्टोबर १९९४

प्रिय लविना,

तू धाडलेला सुकवलेला मका पोचला. सूप केलं, दोन दिवस पुरवून खाल्लं. गुडघा आहे तसाच आहे. हिवाळा यंदा लवकर येणार असं शेजारीण म्हणते, पण ती जुलैपासून म्हणतेय.

माझं वर्तमानपत्रातलं पत्र तू नातवंडांना वाचून दाखवलंस म्हणे. बरं वाटायला हवं होतं. पत्रात काही खोटं नव्हतं. राज्याच्या नावाविषयी निघालेली ती गुळगुळीत पुस्तिका पाहून माझं डोकंच फिरलं. पहिल्याच पानावर कविता: मिनेसोटा म्हणजे आकाशरंगी जळ, आणि त्या जळाशी बसून अश्रू ढाळणारी आपल्यातली एक कुमारी! आपल्या बायका पाण्यावर जायच्या त्या मासे साफ करायला. रडायला सवड कोणाला होती? म्हणून मी लिहिलं, की इथल्या मूळच्या आम्हा डकोटांच्या भाषेत या नावाचा अर्थ धुकट पाणी. शंका असेल त्याने ग्लासभर पाण्यात थेंबभर दूध टाकून बघावं. आमच्या बायका गोऱ्यांना असंच दाखवत आल्या.

ते दूध सगळ्यांना फार आवडलं. ग्रंथालयातून फोन आला. शनिवारी शंभर माणसांसमोर मी तो ग्लास धरून उभं राहायचं आहे. तू लिहितेस, "ताई, मी पहिल्या रांगेत बसणार. आई असती तर तिला तुझा किती अभिमान वाटला असता!"

नसता वाटला, लविना.

तू नेहमी विचारायचीस, आई तुला 'मास्तरीणबाई' का म्हणते? मी सांगायचे, चेष्टा करते. ती चेष्टा नव्हती.

१९६१ सालची गोष्ट. मी गावातल्या शाळेत नवी, तिथली आपल्यातली एकटीच शिक्षिका. फळ्यावर मीच लिहिलं होतं, 'मिनेसोटा: आकाशरंगी जळ'. लहानपणी मिशनच्या निवासी शाळेत नन्सनी शिकवलं तसंच, वळणदार अक्षरात. इतक्यात तुझी आई दारात. डोक्याला रुमाल, पायात तुझ्या वडिलांचे बूट, एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी चेरी शिजवून केलेल्या वोझापीचा डबा. मी फळ्यावरचं वाचून दाखवलं तशी हसली.

"हे कोणी सांगितलं गं पोरी तुला? थांब, दाखवते."

माझाच पाण्याचा ग्लास उचलून तिने त्यात थेंबभर दूध टाकलं. मुलं पुढे धावली. एक मुलगी ओरडली, "अगं, ही तर आपली नदी!"

मग मागून कोणीतरी विचारलं, "टीचर, ही तुमची आई का?"

मला जन्म देणारी मी चार वर्षांची असताना गेली. पण आपल्यात आईची बहीण ही आईच, मावशी नव्हे. तुझ्याआधी तिच्या कुशीत मी झोपले. वर्ग माझ्याकडे बघत होता. हेडमास्तर दाराशी येऊन थांबले होते.

मी म्हणाले, "नाही. वस्तीवरच्या कोणी बाई आहेत." आणि तिला म्हणाले, "बाई, पुस्तकात आहे तेच बरोबर. निघा आता."

तिने ग्लास खिडकीतल्या कुंडीत ओतला, रुमालाच्या टोकाने पुसून जागेवर ठेवला. म्हणाली, "बरं, मास्तरीणबाई." डबा तेवढा ठेवून गेली. मी तो घरी नेऊन एकटीने संपवला.

नन्सना दोष देऊन मोकळं व्हावं असं कितीदा वाटलं. त्यांनी आमचे केस कापले, डकोटा बोललं की तोंड साबणाने धुतलं, हे खरं. पण त्या दिवशी वर्गात एकही नन नव्हती.

तिच्या शेवटच्या आजारात मी तिचे पाय चेपत बसायचे. माफी मागायला तोंड उघडलं, की ती म्हणायची, "दमला असाल, मास्तरीणबाई. बसा." मला 'पोरी' अशी हाक तिने पुन्हा मारली नाही.

ग्रंथालयात मी आज कळवलं, की दाखवण्याचा मान लविनाचा. तू ग्लास धर. वर्गात मी काय केलं तेही सांग, माझ्या नावानिशी. मी तिथे यावं की नाही, ते तू ठरव. तुझं उत्तर आलं नाही तर मी घरीच थांबेन.

तिला आई म्हणायचं मी नाकारलं, म्हणजे तुझी बहीण असणंही नाकारलं. खाली 'तुझी ताई' लिहायला हात धजत नाही.

डेल्फिन