गरुडाखालचा तडा

४ मे
आजपासून हेल्मेट घालायचंच. कायदा म्हणजे कायदा. फक्त ते माझ्या कलपाकवर, उंच लोकरी टोपीवर, बसत नाही, आणि कलपाक काढून उघड्या बोडक्यानं बाजारात गेलो तर अख्खं कोचकोर गाव काय म्हणेल? म्हणून मोटरसायकलच्या हँडलला अडकवलं. येताना त्यात अंडी ठेवली. पुलाजवळ बंद तुटला, हेल्मेट दगडावर. बुरुल अंड्यांसाठी हळहळली. माझ्या बायकोला बाकी काही दिसत नाही. हेल्मेटला मागे तडा. बारीक.

५ मे
दुकानदार म्हणतो, एकदा आपटलं की गेलं, फेकून द्या. त्याला नवीन खपवायचंय. आतलं युरोपियन स्टँडर्डचं लेबल जसंच्या तसं आहे, म्हणजे स्टँडर्ड शाबूत. तड्यावर गरुडाचा स्टिकर लावला. नव्यापेक्षा छान.

१८ मे
व्याह्यांकडे मेजवानी. जावयाला, एमिलला, द्यायला काहीच नेलं नव्हतं. बुरुल डोळे वटारत होती. मग सुचलं. मानाचा कलपाक चढवतात तसं हेल्मेट सगळ्यांसमोर एमिलच्या डोक्यावर चढवलं, आशीर्वाद दिला. पोराच्या डोळ्यांत पाणी. मानाच्या पाहुण्याला देतात ते मेंढीचं डोकं माझ्यापुढे आलं. रीतीप्रमाणे कान कापून पोरांना वाटले. मला मात्र घास उतरेना.

१९ मे
एमिल रोज मोटरसायकलवर वरच्या कुरणात जातो. घाट, दगड. मी हे काय करून बसलो! पण डोक्यावर चढवलेलं परत मागणं म्हणजे डोकंच मागणं. नवीन घेऊन देतो. उद्याच. बुरुलनं विचारलं, अहो, जेवत का नाही? पोट, म्हणालो.

२६ मे
नवीन घेणारच होतो, पण माप कुठाय? सैल हेल्मेट फार धोक्याचं. जिवाशी खेळ नको. माप घ्यायला पोरीकडे, बेगिमायकडे गेलो. एमिल घोड्यांकडे होता. हेल्मेट भिंतीवर, मानाच्या जागी, पण गरुड भिंतीकडे! पोरीला सजावटीची अक्कल नाही. फिरवायला गेलो तर म्हणाली, राहू द्या बाबा, तसंच बरंय. चोरावं असंही मनात आलं. कोटात मावेना. चहा पिऊन आलो. माप राहिलं.

२ जून
शेजाऱ्याचा फोन. एमिल घाटात पडला. डोक्यावर. वाटेत नवीन हेल्मेट घेतलं, माप न बघता. आता काय उपयोग? देवा, त्याच्याऐवजी मला ने.

२ जून, संध्याकाळी
एमिल अंगणात चहा पीत होता. कोपर खरचटलंय, बस. क्षणभर छाती फुगली: माझंच हेल्मेट! तो ओशाळून म्हणाला, रागावू नका बाबा, तुमचं घातलं नव्हतं. बेगिमाय घालूच देत नाही. म्हणते, वडिलांनी दिलेला मान धुळीत न्यायचा नाही. दुसरं आणून दिलं तिनं. तुमच्याला रोज हात लावून निघतो.

बेगिमाय ते दुसरं कुऱ्हाडीनं फोडत होती. आपटलेलं पुन्हा कुणी घालू नये, म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

तिला सांगायला तोंड उघडलं. तर हळूच म्हणाली, स्टिकर मेजवानीच्याच दिवशी उचलून बघितला, बाबा. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.

नवीन एमिलला दिलं. सैल आहे. तरी त्यानं ते डोळ्यांना लावलं. त्याला खरं काय ते सांगायचं ठरवलंय. उद्या.

जुनं भिंतीवरच आहे. गरुड भिंतीकडे.