ओटीपुढचे मैदान आणि इतर मिळकत

लिहून ठेवणार: आदर्श कमळाकर धामणसे, वय अडतीस, मूळ राहणार मौजे खांब, तालुका रोहा, सध्या राहणार पेण, जिल्हा रायगड. धंदा: पूर्वी कॅनडात व्यावसायिक फुटबॉलपटू, नंतर हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात कामाला, सध्या घरी.

आज माझे डोके ठिकाणावर आहे. इतर लोक हे वाक्य रिवाज म्हणून लिहितात, मला ते डॉक्टरांचा दाखला जोडून लिहावे लागते आहे. खेळात डोक्याला बसलेल्या मारामुळे माझी स्मृती हळूहळू जाणार, असे मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून माझे मला कळते आहे तोवर, कुणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, पुढची व्यवस्था लावून ठेवतो. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. केला असल्यास मला आठवत नाही, आणि तो रद्द समजावा.

कलम १. पेणचे राहते घर व बँकेतली शिल्लक माझी पत्नी निशिगंधा हिला द्यावी. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. घर माझ्या खेळाच्या कमाईतले असले तरी ते टिकवले तिने. एक विनंती कायद्यात बसत नाही, तरी लिहितो. पुढे मी तिला ओळखेनासा झालो, तर तिने रोज सकाळी स्वतःचे नाव सांगून माझी परीक्षा घेऊ नये. चहा द्यावा आणि शेजारी बसावे. कोण आहे ते कळले नाही तरी आपले माणूस आहे एवढे मला कळेल, असे मला वाटते.

कलम २. मी कॅनडाहून परतल्यावर मेहुणा मिथुन याने मला त्याच्या हमरापूरच्या कारखान्यात काम दिले. तयार मूर्ती उचलून टेम्पोतल्या माणसाच्या हातात देणे, हे माझे काम. "दाजींच्या हातातून काय सुटत नाय," असे तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. गेल्या श्रावणात पाच फुटी मूर्ती माझ्या हातातून सुटली. रंगकाम झालेली, डोळे आखलेली. मिथुन स्वतः खाली बसून तुकडे गोळा करू लागला. तेव्हा मला कळले की आपले काहीतरी बिनसले आहे. फुटबॉलमध्ये चेंडू झेलताना घालायचे माझे हातमोजे त्याला द्यावेत. ते अजून चिकट आहेत.

कलम ३. चुलतभाऊ हितेश हा वडखळ नाक्यावर चहा पिता पिता आदर्श ठार वेडा झाला, असे सांगत फिरतो. त्याला माझे खेळातले हेल्मेट द्यावे. ते घालून त्याने एकदा भिंतीवर डोके आपटून पाहावे आणि मग माझ्या डोक्याविषयी खुशाल बोलावे.

कलम ४. मुलगी किमया हिला माझी जर्सी, चेंडू आणि सामन्यांची चित्रणे द्यावीत. ती आज सहा वर्षांची आहे. मोठी होऊन विचारील तेव्हा सांगायला मी असेन-नसेन, म्हणून इथेच सांगतो.

किमया, माझी आई शांती वारली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. माझी रोहिणीआत्या मला कॅनडात घेऊन गेली. तिथला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. लांबून फेकलेला चेंडू धावता धावता झेलायचा आणि अंगावर येणाऱ्या माणसांतून पुढे न्यायचा, हे करणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. मला बर्फ ठाऊक नव्हता, इंग्रजी धड येत नव्हते, पण हा खेळ पाहताक्षणी ओळखीचा वाटला. तिथे डाव सुरू होण्याआधीच रिसीव्हरला दोन संघांमधल्या रेषेकडे धावत येता येते, आपल्याकडे चढाईला जावे तसे. तुझे आजोबा रोहा तालुक्यात नावाजलेले कबड्डीपटू. ओटीपुढच्या मैदानात त्यांनी मला शिकवले होते, "पाय भायेर पडला का मेलास. हात रेषेला लागल्याबिगर दम सोडायचा नाय."

पुढे मी विद्यापीठाकडून खेळलो आणि मग प्रेअरीतल्या, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मुलखातल्या, एका क्लबाने मला घेतले. पाच हंगाम पगारी खेळलो. पगार फार नसे, हिवाळ्यात गोदामात कामाला जात असे. तिथले रिसीव्हर चेंडू झेलला की संधी मिळताच बाजूच्या रेषेबाहेर पाय टाकतात, म्हणजे मार चुकतो. नियमात बसते, शहाणपणाचेही असते. माझा पाय मात्र बाहेर पडत नसे. प्रशिक्षक ओरडून थकले. मी बाहेर जायचे सोडून आत वळायचो, आणि दोघे-तिघे लोंबकळत असतानाही पुढच्या रेषेकडे हात लांबवायचो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत.

शेवटच्या सामन्यात अंगावरचा घाम गोठेल अशी थंडी होती. मी रेषेला लागून चेंडू झेलला, आत वळलो, तिघे आदळले. हवे तेवढे अंतर मिळाले आणि आम्ही जिंकलो. तो माझा सर्वांत चांगला झेल, असे सगळे म्हणतात. मी तो चित्रणातच पाहिला आहे. मला तो आठवत नाही.

कलम ५. खांब येथील घराच्या ओटीपुढची जमीन वडिलांनी लग्नात माझ्या नावे केली. गावची पोरे तिथे पिढ्यान्‌पिढ्या कबड्डी खेळत आली. मुंबईच्या डॉक्टरांनी मला विचारले, बाहेर पाय टाकता येत असताना टाकला का नाही? मी हसत म्हणालो, घरची शिकवण. बाबा शेजारच्या खुर्चीत माझी फाईल मांडीवर घेऊन बसले होते. घरी परतल्यावर त्यांनी फावडे घेतले, सगळे मैदान खणून काढले आणि त्यात वाल पेरला. पोरे काठावर उभी राहून पाहत होती. आज वाल फुलावर आहे, आणि तो चांगला आला आहे हे मला बघवत नाही. ही जमीन मी गावच्या कबड्डी मंडळाला देतो. हा वाल काढून झाल्यावर तिथे पुन्हा रेषा आखाव्यात. किमयाला खेळावेसे वाटले तर तिला तिच्या आजोबांनीच शिकवावे, मला शिकवले तसेच, शब्द न बदलता.

कलम ६. माझे वडील श्री. कमळाकर बाळू धामणसे यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. यातून कुणी भलता अर्थ काढू नये. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, असे वकील म्हणाले, आणि मला बाबांची सही हवी आहे. सही करण्याआधी त्यांना हे कलम वाचावे लागेल. एरवी मी विषय काढला की ते उठून गोठ्यात जातात. माझ्याबरोबर जेवायलाही बसत नाहीत.

तरी जाहीर करतो की माझ्या आजाराला माझे वडील कारणीभूत नाहीत. बाहेर पाय टाकणारे रिसीव्हर क्लबाकडे पुष्कळ येत. मला घेतले ते मी टाकत नव्हतो म्हणून. आई गेल्यावर परक्या मुलखात माझ्यापाशी बाबांची तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती मी सोडली नाही. पुन्हा खेळायला मिळाले तर मी आतच वळेन. बाबा, माझी आठवण जाणारच आहे, पण तुमची राहणार आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. माझ्यामागे तुम्ही स्वतःला दोष देत बसू नका. या कागदात मला एवढेच मागायचे होते, बाकीची कलमे त्याच्यासाठी जुळवली आहेत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष त्याखाली सही केली.

ठिकाण: मौजे खांब, घरची ओटी
दिनांक: २१ जानेवारी २०२५

(सही) आदर्श कमळाकर धामणसे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. ऋतुजा देवधर, पेण. लिहून ठेवणार यांना मी आज तपासले. त्यांना मजकूर पूर्ण समजतो.

२. (सही) कमळाकर बाळू धामणसे, खांब. पोराने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर हाय. सहावं कलम सोडून बाकी सगळं खरं हाय.