ब्रीदरची नळी

बाबा, शेजारच्या लग्नघरातला जनरेटर आत्ता बंद केला आणि माझं लाटणं थांबलं. तो पुरता गप्प होईस्तोवर हात हललाच नाही. भाची म्हणाली, "आत्या, काहून थांबली वं?" काही नाही, म्हटलं. तिला काय सांगू, कपाळ?

सासर सोडून मी माहेरी, इतवारीत परत आले, तेव्हा तुम्ही का म्हणून विचारलं नाहीत. आपल्या पिठाच्या गिरणीची किल्ली हातात ठेवलीत. गिरणीच्या डिझेल इंजिनाच्या आतल्या रिंगा झिजलेल्या होत्या. त्याच्या पोटातली काळी तेलकट वाफ ब्रीदरच्या रबरी नळीतून निघायची आणि ती नळी तुम्ही खिडकीबाहेर सोडली होती. "हा त्याचा उच्छ्वास हाय पोरी. त्याले बाहेरच जाऊ दे, त्याचं त्यालेच पाजू नको." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

मग तुम्ही नरखेडकडे गेलात, कुणाच्या संत्र्याच्या बागेतला पंप दुरुस्त करायला. नेमकं वारं फिरलं आणि ती वाफ खिडकीतून पुन्हा आत येऊ लागली. एका बाईनं डबा आणून माझ्यासमोर आपटला, "पोळीले तेलाचा वास येऊन राह्यला! बाप नसला का हिले काही जमत नाही." चार बायका फिदीफिदी हसल्या. माझं डोकंच फिरलं. मी नळी खिडकीतून ओढली आणि इंजिन ज्या नळकांड्यातून हवा ओढतं, त्यातच खुपसून पक्की बांधली. वास गेला. काय शेफारले होते मी!

त्या संध्याकाळी डिझेल बंद केलं, तर इंजिन जरा उशिरा थांबलं. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. तिसऱ्या दिवशी ते थांबेपर्यंत मी आकडे मोजले, वीस. पाचव्या दिवशी चाळीस. पण पीठ चांगलं येत होतं, डबे वाढत होते. मी नळीला हात लावला नाही.

सहाव्या दुपारी तुम्ही संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभे आहात आणि मी डिझेल बंद करते. इंजिन थांबत नाही. उलट चढतं. स्वतःचंच तेल पिऊन चढतच जातं. पट्टा निसटतो, वरचे पत्रे थडथडतात, बाया डबे टाकून पळतात. तुम्ही नळी उपटता, माझा बसायचा पाट उचलता आणि इंजिनाच्या हवेच्या तोंडावर दाबून धरता. उकळतं तेल तुमच्या उजव्या हातावर उडत राहतं. तुम्ही पाट सोडत नाही. शेवटी ते गचके देत बंद पडतं.

गल्ली जमली. कुणीतरी ओरडलं, "कोणं लावली ही नळी?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "म्याच लावली. बुढा झालो, चुकलो." लांबून आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस तुम्ही; त्यानंतर कुणी तुम्हाला इंजिनाला बोलावलं नाही. त्या हातात पाना धरवतही नव्हता म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी हाताला मलम लावत होते. तुम्ही हळूच विचारलंत, "बंद करताना काही येगळं वाटलं होतं का वं?" मी म्हटलं, नाही. "मंग तुही चूक नाही. एकाएकीच झालं." आणि पाठीवर डावा हात फिरवलात.

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी घालून त्याच पाटाखाली ठेवते. बाबा, वाटलं होतं. मी रोज मोजत होते.