सन चौऱ्याहत्तरची भिंत

मी, श्रीमती अंबूबाई देवराम गांगुर्डे, वय ७६, राहणार जेल रोड, नाशिकरोड, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करते. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. वकील म्हणाले, "राजीखुशीने, असं लिहा." राजी आहे, खुशी नाही. वैतागून लिहीत आहे.

१. घर माझे सासरे कोंडाजी यांनी बांधले. पुढचा अर्धा भाग माझे पती कै. देवराम यांचा, तो आता माझ्या नावावर आहे. मागचा अर्धा माझे दीर बारकू यांचा. मधली भिंत सासऱ्यांची नव्हे. तिच्यावरून माझा मुलगा भारत आणि पुतण्या शेखर आजही भांडतात. ती उभी राहिली तेव्हा दोघांपैकी एकाचाही जन्म झाला नव्हता, म्हणून खरे काय ते लिहिते.

१९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. हे इंजिनावर फायरमन, बारकूभाऊजी यार्डात पॉइंट्समन. दोघेही संपावर गेले. धरपकड सुरू झाल्यावर हे मळ्यांतून लपून राहू लागले. भाऊजींची बायको उज्वला नुकतीच बाळंत झाली होती, शेखरच्या थोरल्या बहिणीच्या वेळी, म्हणून ते आठवड्याभरात कामावर परतले. अठरा तारखेला रेडिओवर सांगितले की देशाने अणुस्फोट केला. साखर रेशनवर धड मिळत नव्हती, पण भाऊजींनी कुठून तरी पेढे आणले. नेमके हे त्याच दुपारी लपत-छपत जेवायला आले होते.

"दादा, लय मोठं काम केलं आपल्या देशानं. घे."

"माझ्या मागं पोलीस, अन् तू कामावर जाऊन पेढे वाटत हिंडतो? गद्दार!"

"घरात ओली बाळंतीण हाय, दादा. मी काय करू?"

यांनी पेढे अंगणात भिरकावले. मी मध्ये पडले, तर दोघेही माझ्यावरच ओरडले.

संप मोडला, यांची नोकरी गेली. घरात पीठ नव्हते, पण यांना मधली भिंत घालायला विटा मिळाल्या! सत्त्याहत्तरला सरकार बदलले, नोकरी परत मिळाली. पुढे निवृत्तीपर्यंत भाऊजी झेंडी दाखवायचे आणि हे इंजिन हलवायचे. एका शब्दाने बोलले नाहीत. उज्वला आणि मी नळावर रोज बोलत होतो. पुरुषांना कळवायची गरज वाटली नाही.

मागच्या दिवाळीत मी न्हाणीत पडले. भारत अंबडला कामावर. माझी हाक ऐकून शेखरची बायको शुभांगी बाजूच्या कुंपणावरून उडी मारून आली आणि रिक्षाने मला दवाखान्यात घेऊन गेली. संध्याकाळी भारत म्हणतो, "त्यांना कोणी बोलावलं होतं?"

"मी. बोंबलून."

तरी त्याचे तोंड वाकडेच. म्हणून हा कागद.

माझा हिस्सा भारत आणि मुलगी रूपाली यांना समसमान. भारत म्हणेल, तिला तिचे घर आहे. असू दे, हे माझे आहे. माझ्या मरणाची वाट न बघता येत्या सोमवारी गवंडी बोलावून, भाऊजींच्या संमतीने, मी भिंतीत दार पाडणार आहे. भारतने ते बुजवले, तर त्याचा वाटाही रूपालीचा.

२. शिलाई मशीन शुभांगीला. यांची नोकरी नव्हती तेव्हा त्यावरच आम्ही जगलो. तेल घालत जा.

३. सोन्याची पोत आणि बँकेतली ठेव रूपालीला.

४. दहाव्याला दोन्ही घरांचा स्वयंपाक एकत्र करावा. कावळा शिवला नाही, तर माझी इच्छा राहिली म्हणून गळे काढू नयेत. कावळ्यालाही कामे असतात.

बारकूभाऊजींना मी काही ठेवलेले नाही, म्हणूनच त्यांना साक्षीदार होता येते. आज बोलावले, तर पुढच्या फाटकाशीच थांबले.

"वहिनी, दादाला चाललं असतं का?"

"कायद्याला चालतं. आत या."

आत आले. यांच्या फोटोसमोर उभे राहिले, मग चष्मा पुसून बसले. नाते लिहायची गरज नाही, असे वकिलांनी सांगितले. त्यांनी ऐकले नाही.

नाशिकरोड, दि. १२ जानेवारी २०२६

लिहून देणार: अंबूबाई देवराम गांगुर्डे (सही)

साक्षीदार:
१. सलाउद्दीन शेख, शेजारी (सही)
२. बारकू कोंडाजी गांगुर्डे, देवरामचा सख्खा भाऊ (सही)