नोंद होईपर्यंत

बिश्केक, १२ सप्टेंबर २००३

ती. बुरुल एजेस,
धाकट्या बहिणीचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र आणि लोण्याचा डबा ड्रायव्हरनं पोचवला. डबा वाटेत बोटभर कमी झाला होता, पण अत-बाशीहून इथवर गाडी हाकणाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.

आता मुख्य बातमी, बसून वाच. मला पाचवा महिना लागलाय. ओरडू नकोस, मेदेर भावजी दचकतील. बाप होणार आहेस म्हणून कुबातला रशियात कळवलं. तो फोनवर म्हणाला की बरं झालं, पण मुकादमानं मजुरी अडकवली आहे, तेव्हा माझ्यावर विसंबू नकोस. म्हणून काम शोधतेय.

तीन कारखान्यांतून परत आले. पहिल्या मालकानं मी शिवलेली कॉलर उजेडात धरून पाहिली, वाहवा केली, आणि मग मूल होणार आहे का म्हणून विचारलं. मी खरं बोलले. तर म्हणाला, पोर तीन वर्षांचं झालं की ये, हात चांगला आहे तुझा. दुसऱ्या ठिकाणी बाईनं विचारलंसुद्धा नाही, बाजारात मेंढी चाचपतात तसं सरळ माझं पोट चाचपलं. तिसरीकडे डॉक्टरचा दाखला मागितला, तेव्हा मीच काढता पाय घेतला.

आता तुझ्या शेजारच्या सादात काकूंनी त्यांच्या भाचीकडे, गुलसुनकडे, माझ्यासाठी शब्द टाकलाय. तिच्याकडे शाळेचे गणवेश शिवतात. पहिला महिना नोंदीशिवाय काम, मग सरकारी वहीत नाव. एकदा नाव चढलं की पोटुशीला कायद्यानं काढता येत नाही, आणि बाळंतपणाची पगारी रजाही मिळते. तेवढा एक महिना पोट लपवायचंय. काकूंना यातलं काही ठाऊक नाही, आणि कळताही कामा नये. आई असती तर तिलाही मी सांगितलं नसतं.

लोभ आहेच, तोंडाला कुलूप लावून तो वाढवावा.
तुझी
नुरझात

अत-बाशी, १९ सप्टेंबर

चि. नुरझात हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी कणकेत रडले. यांनी विचारलं काय झालं, तर मी कांदा म्हटलं. घरात कांदा नव्हता हे यांच्या लक्षातही आलं नाही. नऊ वर्षांत माझे पीर झाले, झरे झाले, नारिनच्या डॉक्टरणीची इंजेक्शनं झाली. आणि देवानं पत्ता चुकवून पार्सल तुझ्या दारात टाकलं बघ! असू दे, घराणं तेच आहे.

जड उचलू नकोस. उंटाचं मांस चुकूनही खाऊ नकोस, बारा महिने पोट वाहावं लागतं म्हणतात, आणि तुला तर एक महिना लपवतानाच नाकी नऊ येणार आहेत. माझ्या तोंडाची काळजी करू नकोस. मेंढ्यांनासुद्धा सांगणार नाही.

माया आहे तशीच ठेव, आणि पोटभर जेव.
तुझी
बुरुल

बिश्केक, १० ऑक्टोबर

ती. बुरुल एजेस,
सलाम, वि. वि.

गुलसुनकडे लागून तीन आठवडे झाले. अठरा तारखेला महिना भरतो. आठ दिवस राहिले. पोटावर फडकं घट्ट गुंडाळते, वर कुबातचा सदरा आणि त्यावर एप्रन. ओल्या कापडावर इस्त्री फिरली की त्या वासानं आतडी तोंडाशी येतात. मला पित्त आहे असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

परवा बटणं लावणाऱ्या एका पोरीला ओकारी झाली. गुलसुननं यंत्रं थांबवली आणि सगळ्यांसमोर विचारलं की हे पाव खाल्ल्याचं आहे की नवऱ्यानं दिलेलं. मी कारखाना चालवते, प्रसूतिगृह नाही, असंही म्हणाली. बायका हसल्या. मीही हसले, एजे, सगळ्यांत मोठ्यानं. ती पोर दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिच्या वाटची बटणं आता मी लावते.

रात्री फडकं सोडलं की बाळ हलतं. आठ दिवस, मग श्वास घेईन.

लोभ असू दे.
नुरझात

अत-बाशी, १५ ऑक्टोबर

चि. नुरझात हिस,
आशीर्वाद.

आधी शपथ घे की रागावणार नाहीस. काल सादात काकू चहाला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, बुरुल, तुमच्या घराण्याची कूसच वांझ दिसते; तू अशी, आणि धाकटीचंही तेच. नऊ वर्षं ऐकते आहे मी, पण काल तुझं नाव आलं आणि माझा तोल गेला. मी उठून उभी राहिले आणि हात पसरून सुयुंचू मागितली.

एकदा सुयुंचू मागितली की मग तोंड कसं आवरायचं? चांगली बातमी आणणाऱ्याला ऐकणाऱ्यानं काही द्यायचं, म्हणजे बातमी सांगायचीच. काकूंनी डोक्यावरचा नवा रुमाल काढून माझ्या हातात ठेवला आणि मला मिठी मारून रडल्या. वांझ म्हटल्याबद्दल माफीही मागितली. आज त्या टपाल कचेरीत जाऊन गुलसुनला फोन करून आल्या, तिच्याकडून सुयुंचू मागायला. तिनंही कबूल केली.

त्यामुळे मी निश्चिंत आहे. आनंद झाला म्हणून जिनं सुयुंचू दिली, ती बाई त्याच पोटावर पाय देईल का? उलट आता तुला फडकं बांधायला नको.

तुझी
बुरुल

बिश्केक, २२ ऑक्टोबर

बुरुल एजेस,
सलाम.

गुलसुननं शब्द पाळला. सोळा तारखेला सकाळी मला मधोमध उभं केलं, कपाळाचं चुंबन घेतलं, काकूंसाठी मखमलीचा तुकडा आणि माझ्या बाळासाठी दोन वार मऊ कापड दिलं. टाळ्या वाजवायला लावल्या. मग म्हणाली की इतकी शुभ बातमी आहे, आता तू विश्रांती घ्यायची, उद्यापासून येऊ नकोस. दोन दिवस राहिले होते, एजे, फक्त दोन. मी हातापाया पडले, तर ती बायकांना म्हणाली की बघा, मी भेट देते आहे आणि ही रडते आहे.

त्यानंतर पाच ठिकाणी गेले. आता पोट माझ्या आधी दारातून आत शिरतं. एका मालकानं बसल्या जागेवरून फक्त मान हलवली. कुबातचा फोन लागत नाही.

तू वाईट नाहीस, ते मला ठाऊक आहे. पण तुझ्या नऊ वर्षांच्या दुःखाचं उट्टं तुला माझ्याच पोटावर काढायचं होतं का? हे लिहिलंय ते खोडणार नाही. तुझा रुमाल तुला लखलाभ.

नुरझात

बिश्केक, १४ एप्रिल २००४

ती. बुरुल एजेस,
सलाम, वि. वि.

लेकीचा चाळिसावा झाला त्या दिवशी मेरिमला तुझ्या मांडीवर ठेवून निघाले, त्याला आज तीन आठवडे होतात. अजून दूध भरून येतं. न्हाणीघरात पिळून टाकते.

पण काम मिळालं. नवी मालकीण वयस्क आहे, शांत बोलते. तिनं विचारलं, लहान मूल आहे का? मी नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं, आणि तिसऱ्यांदा तिनं यंत्रच दाखवलं. इथे नोंद वर्षानं करतात. नोंद झाली की मेरिमला घेऊन जाईन. तोवर तिला माझा फोटो दाखवत जा.

ऑक्टोबरात लिहिलेलं विसर. लोभ पूर्वीचाच, थोडा चुरगळलेला.
तुझी
नुरझात

अत-बाशी, ३१ मार्च २००५

चि. नुरझात हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक चालली! चुलीपासून दारापर्यंत, सात पावलं, आणि मग मांजरावर बसली. मलाच आई समजून ‘आपा’ म्हणते. मी दर वेळी सांगते की मी आई नाही, आई ती फोटोतली. ती फोटो चाटते.

तेव्हा पुढच्या रविवारी पहिल्या पावलांचा तुशो कापायचा ठरवलाय. काळा-पांढरा दोरा मी वळून ठेवलाय. मेदेर बकरं कापणार आहेत, आणि गावची दहा-बारा पोरं धावतील; जे पहिलं येईल ते पायाचा दोरा कापेल. पण दोरा बांधून तिला उभं धरायला आईच हवी. पहिली पावलं एकदाच सुटतात, नुरझात. दोन दिवसांची रजा काढ. मी सादात काकूंना बोलावलेलं नाही.

वाट पाहते.
बुरुल

बिश्केक, ५ एप्रिल २००५

ती. बुरुल एजेस,
सलाम, वि. वि.

रजा मागितली. बहिणीच्या मुलीचा तुशो आहे असं सांगितलं. दुसरं काय सांगणार? मालकीण चिडली नाही. म्हणाली, तुझी स्वतःची असती तर मीच तुला गाडीत बसवून दिलं असतं, मीही आई आहे. पण भाचीसाठी हंगामात यंत्र कसं बंद ठेवू? इस्त्रीवाली बाई म्हणाली की ज्यांना नसतं त्यांनाच दुसऱ्यांच्या पोरांचा फार पुळका. सगळ्या हसल्या. मी दोरा ओवत होते.

काल माझी नोंद झाली. कारकुनानं कागद पुढे केला. नाव, गाव, नवरा, अपत्ये. शेवटच्या रकान्यात त्यानं मालकिणीच्या तोंडून ऐकून आधीच ‘नाहीत’ लिहून ठेवलं होतं. खाली छापलं होतं की यातलं काही खोटं निघाल्यास कामावरून कमी करण्यात येईल. मेरिमला इथे आणली की ते खोटं निघणार. त्यानं पेन दिलं. मी सही केली.

रविवारी तूच तिला उभं धर. तिनं ‘आपा’ म्हटलं तर आता दुरुस्त करू नकोस. फोटो काढून ठेव.

मेरिमला अनेक आशीर्वाद. लोभ तिच्यावर असावा.
तिची मावशी
नुरझात